एडिसन किती लांब?

हौशी: साडेबारा हजार किलोमीटर आणि सोळा तास. गिरगावातल्या ज्या आजोबांचा नातू न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो, त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी हे आकडे सांगतील. मुंबई ते न्यूयॉर्क, थेट विमान, मध्ये कुठे उतरणं नाही. आता याच शहरातला जुना प्रवास आठवा. परळच्या चाळीत राहणारे आंबेडकर 1913च्या जूनमध्ये मुंबईहून बोटीने निघाले, न्यूयॉर्कला पोचले जुलैत. महिन्याहून जास्त गेला. पुढे 1948च्या जूनमध्ये एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनला गेलं, तेही कैरो आणि जिनिव्हा करत. 1960च्या मेमध्ये जेट विमान लंडनमार्गे न्यूयॉर्कला जायला लागलं. आणि आता रात्री ताक-भात खाऊन निघालेला माणूस पुढचं जेवण तिकडे मुलीच्या घरी जेवतो. जग जवळ आलं, हे वाक्य गुळगुळीत झालंय खरं, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

चिकित्सक: गुळगुळीत वाक्याचं हेच असतं, त्यावर हिशोब घसरतो. तुमचे सोळा तास एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंतचे. धावपट्टीवर कोणी राहत नाही. लालबागहून निघणाऱ्या बाईचा प्रवास विमान सुटण्याच्या आठवडाभर आधी, मसाला गल्लीत सुरू होतो. मिरच्या निवडायच्या, भाजून घ्यायच्या, डंकावर कुटून होईपर्यंत तिथेच शिंकत उभं राहायचं, मग दुहेरी पिशवीत घालून वर चिकटपट्टी. घरी आल्यावर बॅग हातकाट्याला टांगायची. तेवीसच्या जागी चोवीस किलो सहाशे भरले की भाजणी बाहेर, मेतकूट आत. मग पुन्हा टांगायची. निघायचं विमानाच्या पाच तास आधी, कारण तीन तास आधी पोचायला सांगतात आणि सायनला काय होईल याची खात्री नसते. पोचल्यावर तिकडच्या अधिकाऱ्यापुढची रांग, मग बॅगांची वाट, मग गाडीने न्यू जर्सी. दारापासून दारापर्यंत मोजा. पूर्ण दिवस जातो, वर चार तास. आकडा सांगायचाच तर हा सांगा.

हौशी: सांगतो की! अठ्ठावीस तास म्हणा. महिन्यापुढे ते काय आहेत? शिवाय घर ते विमानतळ हा तुकडाही आता आखडत चाललाय. 2025च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण धावते. गिरगावला जमिनीखाली उतरा, गाडी न बदलता टर्मिनल दोनला वर या. पाऊण तासाचा मामला. ठाकुरद्वारच्या नाक्यावर टॅक्सीवाल्याच्या हातापाया पडण्याचे दिवस गेले.

चिकित्सक: ते दिवस गेले, रात्री राहिल्या. अमेरिकेची आणि युरोपची बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि त्या वेळी मेट्रो झोपलेली असते. दोन मोठ्या बॅगा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई आणि फिरते जिने, हे चित्रही जरा डोळ्यांपुढे आणा. पण मेट्रोला मी नावं ठेवत नाही, ती कामाची आहे. मला तुमच्या साडेबारा हजारांबद्दलच शंका आहे. हे अंतर खरोखर कोण कापतं?

हौशी: आता माझ्या आवडीच्या विषयात आलात. भिंतीवरचा नकाशा विसरा, पृथ्वीचा गोल घ्या. मुंबईवर एक बोट, न्यूयॉर्कवर दुसरं आणि मध्ये ताणलेला दोरा. नकाशा पाहून वाटतं, विमान पश्चिमेला अरबस्तानावरून जाईल. दोरा तसा जातच नाही. तो मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडे, जरासा डावीकडे झुकून निघतो. कच्छवरून सिंधमध्ये, पुढे बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशिया. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या अगदी जवळून जातो, आइसलंड आणि ग्रीनलंड यांच्या दक्षिणेच्या कडेने वळतो आणि कॅनडावरून खाली येतो. गिरगाव चौपाटीवर उभं राहून अमेरिका कुठल्या बाजूला असं विचारलं, तर सगळे समुद्राकडे हात करतील. खरी दिशा मलबार हिलच्याही उजव्या अंगाला येते. मला या दोऱ्याचा आनंद होतो, तो तुम्ही हिरावून घेऊ नका.

चिकित्सक: हिरावून कशाला घेऊ, तुमच्याच दोऱ्यावर गाठी मारून दाखवतो. पहिली गाठ सिंधला. 2019मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आकाश बंद केलं, ते जुलैत उघडलं. 2025च्या एप्रिलमध्ये भारतीय विमानांना पुन्हा बंदी झाली. दिल्लीच्या विमानांना त्याचा जास्त फटका, मुंबईच्या विमानाला समुद्रावरून निघायची सोय आहे. पण दोरा तुटला तो तुटलाच. अफगाणिस्तानावरून जाताना चार गोष्टींचा विचार करावा लागतो. रशियाचं आकाश 2022पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद, आपल्यांना खुलं. म्हणजे त्याच दोन शहरांमधलं अंतर विमानाच्या शेपटीवर कोणाचं चिन्ह आहे यावर ठरतं. त्यात वारा. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे झोत वाहतात, म्हणून येताना जे अंतर साडेचौदा तासांत संपतं त्याला जाताना तास-दीड तास जास्त लागतो. जाण्याचं आणि येण्याचं अंतर एकच, असं म्हणायचं तरी कसं?

हौशी: वाऱ्याचं गणित वैमानिकाला ठाऊक असतं, त्यात रडण्यासारखं काही नाही.

चिकित्सक: रडत नाही, मोजतो आहे. आणखी एक मोजा. 1960चं जेट ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडत होतं. आजचंही तेवढंच उडतं. साठ-पासष्ट वर्षांत दुसरी कुठली यंत्रं एका जागी थांबली? तुमचं जग जवळ येणं तिथेच अडकलंय.

हौशी: वेग थांबला, थांबे गेले. लंडनला उतरून इंधन भरणं गेलं, हे थोडं झालं? आणि विमानात कोण बसतं ते तर पूर्ण बदललं. ‘मलबार प्रिन्सेस’मध्ये पस्तीसच्या आसपास उतारू होते, त्यांत गिरणीतला जॉबर नव्हता. आज त्याची सून पोरीच्या बाळंतपणाला जाते. डिंक, हळीव, बाळंतशोपा, सगळं बॅगेत. सहा महिने राहते, नातवाला तेल लावून न्हाऊ घालते, बर्फ पडताना खिडकीतून बघते आणि परत आली की चाळीतल्या बायकांना तिथल्या दुधाच्या भावासकट सगळं सांगते. परळहून न्यूयॉर्कला जाणं एके काळी एका महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अवलंबून होतं. आता ते सूनबाईंच्या गुडघ्यांवर आहे. हे जवळ येणं नाही?

चिकित्सक: गुडघ्यांवर नाही, व्हिसावर आहे. तुमच्या हिशोबात तो रकाना नाही म्हणून आठवण करून देतो. पूर्वी अमेरिकेची वकिलात ब्रीच कँडीला होती, 2011मध्ये ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. लालबागहून फार तर तासाभराचा रस्ता. पण कोविडनंतर काही काळ, पहिल्यांदा पर्यटक-व्हिसा मागणाऱ्याला मुलाखतीच्या तारखेसाठीच वर्षाहून जास्त थांबावं लागत होतं. म्हणजे पोरीला दिवस गेल्याचं कळल्याबरोबर अर्ज केला, तरी नातवाच्या बारशालाही आजी पोचणार नाही. आता सांगा, लालबाग ते एडिसन किती लांब? त्याच नातवाला उलट दिशेने यायचं असेल तर अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड घेतलं की निघाला. एकच रस्ता. नातवाला सोळा तास, आजीला दीड वर्ष.

हौशी: इथे माझी हरकत आहे. व्हिसा म्हणजे सरकारची दारं. दारावर रखवालदार बसला म्हणून घर लांब गेलं असं कोणी म्हणत नाही. विमानाचा दोष नसताना तुम्ही त्याच्या खात्यावर मांडताय.

चिकित्सक: दोष कोणाचा, हा प्रश्न वेगळा. पोचायला किती लागतं, एवढंच मी विचारतो. गंमत अशी की तुमच्या 1913च्या उदाहरणात बोट हळू होती आणि दार उघडं होतं. पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकेला जाणाऱ्याला आजच्यासारखा व्हिसा लागत नसे. 1917मध्ये त्यांनी कायदा करून आशियातल्या बहुतेकांना अडवलं, विद्यार्थ्यांसारख्यांना तेवढी फट ठेवली. मोठं दार उघडलं ते 1965च्या कायद्याने. म्हणजे यंत्र जवळ आणत होतं तेव्हा कायदा लांब ढकलत होता. तुम्ही यंत्राचा आलेख काढता, दुसरा आलेख गुंडाळून ठेवता.

हौशी: बरं, तो आलेखही काढू. तरीही तास हे प्रामाणिक माप आहे. घड्याळ पासपोर्ट विचारत नाही.

चिकित्सक: घड्याळ? परळमध्ये उभं राहून घड्याळाला प्रामाणिक म्हणताय! 1906च्या जानेवारीत याच भागात, जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी घड्याळापायी काम बंद पाडलं, दगड फेकले. सरकारने नवी प्रमाणवेळ आणली होती, मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं पुढची. सूर्य तिथेच, भोंगा मात्र लवकर. शहरातली काही घड्याळं तर पुढे 1955पर्यंत जुन्या मुंबई-वेळेवर चालत राहिली. तुमच्या तिकिटावरही तोच खेळ आहे. रात्री दोनला निघा, त्याच तारखेला सकाळी साडेआठला उतरा. कागदावर साडेसहा तास. उरलेले साडेनऊ कुठे गेले? ते आजीच्या अंगात जातात. पुढचे आठ दिवस ती पहाटे तीनला उठून परक्या स्वयंपाकघरात, दिवा न लावता, चहाचं आधण ठेवते.

हौशी: आणि नवव्या दिवशी सहाला उठते. कामगारांनीही शेवटी प्रमाणवेळ स्वीकारलीच. माणूस सरावतो. तुम्ही सराव होण्याआधीचं चित्र काढता आणि तिथेच थांबता. आता एक प्रश्न मी विचारतो. याच लालबागचे लोक गणपतीला कोकणात जातात. आदल्या रात्री निघालेली एसटी माणगावला अडकते, हायवेचं काम वर्षानुवर्षं चाललंय, आणि कणकवलीला पोचेपर्यंत चौदा-सोळा तास सहज होतात. चिपीला 2021मध्ये विमानतळ झाला, हवेतून अंतर जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. पण चाकरमानी गेला एसटीनेच. म्हणजे तासांत कणकवली आणि न्यूयॉर्क एक झाले. तरी कणकवली लांब आहे असं लालबागमध्ये कोणी म्हणाल्याचं ऐकलंय?

चिकित्सक: नाही. आणि तुमचा हा प्रश्न माझ्या सगळ्या हिशोबापेक्षा सरस आहे, हे मान्य करतो.

हौशी: मग उत्तर द्या. तास तेवढेच, दमणूक जास्त, तरी ते जवळ का?

चिकित्सक: कारण तिथे जाता येईल की नाही हा विचार मनात येत नाही. गाडी चुकली तर दुसरी, तीही नाही तर ट्रकमध्ये बसू. कोणाची परवानगी नाही, तारीख मागायची नाही. गरज पडेल त्या क्षणी उठून निघता येणं, याचीच खात्री आपण जवळ म्हणून मोजत असू. एडिसनच्या बाबतीत ती खात्री कोणालाच नाही, तिकडच्या मुलालाही. त्याच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग राहिलेलं असतं. इथे आला आणि तारीख पुढे ढकलली गेली तर नोकरी जाते, घराचा हप्ता थांबतो, पोरांची शाळा तिकडे. म्हणून तो बहिणीच्या लग्नाला येत नाही. आणि नातेवाईक काय म्हणतात? सोळा तासांचा तर प्रवास, एवढं काय?

हौशी: लोकांचं तोंड कोण धरणार.

चिकित्सक: तोंड धरता येणार नाही, पण ते तोंड कशामुळे उघडलं ते बघा. मला नेमकं तेच म्हणायचंय. अंतर मोठं होतं तेव्हा ते माणसाच्या बाजूने साक्ष द्यायचं. बोटीने महिना लागतो म्हटल्यावर कोणी का आला नाहीस म्हणून विचारत नसे. आता विमानाने ती साक्ष काढून घेतली. न येणाऱ्याला स्वतः उत्तर द्यावं लागतं. अंतर कमी झालं तेवढा जाब वाढला. मार्च 2020मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, ती पूर्ववत व्हायला दोन वर्षं लागली. मधल्या काळात काही खास विमानं होती, पण पहिल्या महिन्यांत बहुतेकांना वाटच नव्हती. तेव्हा कितीजणांनी चंदनवाडीतला अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला! दुःख झालं, जाब कोणी मागितला नाही. पुन्हा विमानं उडाली आणि जाबही परत आला.

हौशी: तुमचं म्हणणं टोचतं, पण त्याची दुसरी बाजू पाहा. तुम्ही आंबेडकरांचं 1913 साल अर्धंच घेऊ देताय. न्यूयॉर्कला निघण्याच्या चार-पाच महिने आधी, त्याच वर्षी, ते बडोद्याला नोकरीत होते. वडील आजारी असल्याची तार आली. निघाले. सुरतेला वडिलांसाठी बर्फी घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. मुंबईला पोचले दुसऱ्या दिवशी. वडिलांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि 2 फेब्रुवारीला त्यांनी प्राण सोडला. बडोदा ते मुंबई म्हणजे चारशे किलोमीटरही नाहीत. एक गाडी चुकली म्हणून भेट हुकायची ती थोडक्यात वाचली. त्या घडीला कोणी तिथे सांगितलं असतं का, की बरं झालं, अंतर जास्त असतं तर जाब नसता? जाब चालेल हो. पोचण्याची शक्यता नसणं चालत नाही. जाबाचं ओझं हे शक्यतेचंच भाडं आहे.

चिकित्सक: भाडं कोण भरतं ते सांगितलं नाहीत.

हौशी: येणारा भरतो.

चिकित्सक: इथेच चुकताय. इथले लोक जास्त भरतात. म्हातारा पहाटे गेला. मुलगा न्यू जर्सीत, रात्रीचं जेवण आटोपून बसलेला. फोन झाला. तो म्हणतो, निघतोय, थांबा. पूर्वी हा प्रश्न उद्भवत नव्हता. दुपारपर्यंत उरकलं जायचं. आता दीड दिवस, कधी दोन. रुग्णालयाच्या शवागारात जागा मिळवायची, भाचरांनी आळीपाळीने थांबायचं. कोकणातून आलेल्या भावाची परतीची गाडी. शेजाऱ्यांच्या चुली. म्हातारीला चहा घ्या म्हणावं की नाही, हे कोणाला कळत नाही. विमान अबू धाबीहून सुटलं, आता उतरलं, आता बॅग न घेताच बाहेर आला, आता वाकोल्याला अडकला, असे निरोप सगळ्या मजल्यांवर फिरतात. तुमच्या सोळा तासांनी हे थांबणं जन्माला घातलं. पाच तास असते तर थांबणं जड गेलं नसतं, पन्नास असते तर कोणी थांबलंच नसतं. नेमके थांबवतील एवढेच तास उरलेत.

हौशी: आणि तो येऊन उभा राहिला, की त्या दीड दिवसाचा कोणी हिशोब मागतं?

चिकित्सक: तेव्हा नाही. नंतर मागतात. भाचरं मागतात.

हौशी: भाचरांनी थांबून घेतलं ना? मग त्यांनाही त्यात काही वाटत असणार. तुम्ही प्रत्येक थांबणं खर्चाच्या बाजूला लिहिता. आता स्पष्टच विचारतो, राग मानू नका. तुमची मुलगी तिकडे आहे. तुम्ही काय ठरवलंय, थांबायचं की नाही?

चिकित्सक: मी लिहून ठेवलंय, थांबू नका म्हणून. कपाटात विम्याच्या कागदांबरोबर आहे.

हौशी: वहिनींना दाखवलंत?

चिकित्सक: दाखवलं. ती म्हणाली, हे ठरवणारे तुम्ही कोण, तुम्ही तर तेव्हा नसणार.

हौशी: बरोबर बोलल्या.

चिकित्सक: बरोबर बोलली, म्हणून कागद अजून फाडलेला नाही आणि मुलीला सांगितलेलंही नाही. सांगितलं तर तिला वाटेल, बाबांनी सुटका केली. किंवा वाटेल, बाबांनी दार लावलं. दोन्हींतलं कुठलं, ते मला आधी कळेना.

हौशी: मग तिलाच विचारा.

चिकित्सक: विचारायला फोनवर जमत नाही. डिसेंबरात येणार म्हणते, स्टॅम्पिंगची तारीख मिळाली तर.